गल्ली सात : सर्व ठीक

११ एप्रिल, सकाळी सहा वाजून दहा मिनिटे.
छापखान्यात, मशीनचे रूळ रॉकेलने पुसून झाल्यावर.

आत्या,

तुझं पत्र यायची वाट न बघता लिहितोय. फोन करून उपयोग नाही. तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये बसून अख्ख्या गावाचं बोलणं तू जोडून दिलंस आणि शेवटी तुझेच कान रुसले, याचा मला अजून राग येतो. घर ठीक आहे. कुंड्यांना दिवसाआड एकेक तांब्या पाणी घालतो. दार रात्री दोनदा ओढून बघतो, तू सांगितलं होतंस एकदाच.

तू दादाकडे महिनाभरासाठी गेलीस आणि दहाव्या दिवशी सगळं बंद झालं. इथे साथीपेक्षा अफवा जोरात. गेल्या सोमवारी कुणाच्या तरी मोबाइलवर आलं की नळाचं पाणी बंद होणार. लोकांनी बादल्या, पिंपं, पातेली भरली आणि त्यामुळे टाकी खरोखरच रिकामी झाली. दुसऱ्या दिवशी नगरपालिकेच्या डॉक्टरीणबाई छापखान्यात आल्या. मालकांना म्हणाल्या, "रोज एक पानाचं पत्रक काढाल? खरं तेवढंच. कोणतं दुकान किती वाजता, नळ केव्हा, कोण आजारी, कुणाला काय हवंय."

मालक म्हणाले, "लग्नपत्रिका बंद, पावतीपुस्तकं बंद. मशीन गंजण्यापेक्षा चाललेलं बरं. पण जुळारी एकच उरलाय, हा कानामात्रा. एका वेलांटीसाठी अर्धा तास घालवतो."

"मग हाच पाहिजे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आत्या, आठवीत शाळा सोडल्यापासून मला असं कुणी म्हटलं नव्हतं.

काम असं चालतं. गावाच्या बारा गल्ल्या, प्रत्येक गल्लीत एक चिठ्ठीवाला. तो सकाळी खिडक्यांखालून हाका मारत फिरतो, सगळ्यांची खबर एका चिठ्ठीवर लिहितो आणि गल्लीच्या तोंडाशी टांगलेल्या पिशवीत टाकतो. दूधवाले आत शिरत नाहीत. ते पिशवीतली चिठ्ठी घेऊन आठपर्यंत मला आणून देतात. मी शिशाचे अक्षरखिळे जुळवतो, एकपर्यंत छापतो, आणि संध्याकाळच्या दुधाबरोबर पत्रक गल्लीच्या तोंडाशी पोचतं, तिथून लोक आपापल्या घरी नेतात.

यात मी एक युक्ती काढली आहे. ज्या गल्लीत "सर्व ठीक" असतं तिची ओळ मी मोडत नाही. दोऱ्याने बांधून ठेवतो आणि दुसऱ्या दिवशी तशीच मशीनवर चढवतो. रोजची चाळीस मिनिटं वाचतात. मालकांनी शाबासकी दिली.

तीन दिवसांची पत्रकं सोबत आहेत. सातव्या गल्लीच्या ओळीत "ठीक"ची वेलांटी टवका उडालेली दिसेल. तो खिळा जुना आहे. माफ कर.

तुझा,
कानामात्रा


१४ एप्रिल

कानामात्रासाहेब,

पत्रकं मिळाली. तीनदा वाचली, मग चष्मा पुसून चौथ्यांदा. दादा म्हणाला, "आई, बारा तर ओळी आहेत." मी म्हटलं, "तुला ओळी दिसतात, मला दारं दिसतात." प्रत्येक गल्लीचं नाव वाचलं की एक्स्चेंजच्या बोर्डावरचा दिवा लागल्यासारखं वाटतं.

मी इथे मजेत आहे असं लिहिणार होते, पण तू खोटं पकडतोस. चौथ्या मजल्यावर राहते, खाली कोण जातंय ते कळत नाही, आणि सूनबाई चांगली आहे म्हणून मला काही काम करू देत नाही. तुझं पत्रक हेच माझं काम.

सातव्या गल्लीचे चिठ्ठीवाले टेलरमास्तर आहेत हे पत्रकात वाचून बरं वाटलं. ते तसेच आहेत तर. माझा कान हेडफोनने सोलून निघायचा तेव्हा त्यांनी फलालीनची एक गादी शिवून दिली होती, बशीएवढी. पैसे विचारले तर म्हणाले, "बाई, तुम्ही माझ्या मुलीचा फोन दर रविवारी पहिला जोडता, त्याचे मी कधी दिले?" ती गादी आणखी अकरा वर्षं पुरली. ते एकटे असतात, बिनदुधाचा चहा पितात आणि सांगायला लागले की थांबत नाहीत. त्यांच्या चिठ्ठ्या कशा असतात ते कळव.

आणि कागद-शाईचा खर्च कोण करतं? खिशातून घालत असशील तर लिहून ठेव. मी आल्यावर हिशेब बघणार आहे.

तुझी आत्या

ता. क. युक्ती हुशारीची आहे. तरी मला ती थोडी खुपली. का ते अजून सांगता येत नाही.


२० एप्रिल, संध्याकाळी पाच वाजून वीस मिनिटे.
पत्रकं रवाना करून, हात धुऊन.

आत्या,

तुझी ता. क. वाचून मी दोन दिवस विचार केला. युक्तीत मला काही खोट सापडली नाही. तू रागावली आहेस का? दार दोनदा ओढून बघतो म्हणून?

काम चांगलं चाललंय. पत्रकात खाली "निरोप" म्हणून जागा ठेवली आहे. दुसऱ्या गल्लीतल्या घड्याळजींनी छापायला दिलं, "नवव्या गल्लीतल्या बहिणीस : तुझी शिडी माझ्याकडेच आहे, सहा वर्षांपूर्वी मीच नाही म्हणालो होतो." दुसऱ्या दिवशी तिचं उत्तर : "ठाऊक होतं. शिडी ठेव. औषधं पोचली का ते सांग." दूधवाला सांगतो की ती उत्तर लिहून देताना हसत होती आणि डोळेही पुसत होती. परवा तो मला म्हणाला, "जुळारीबुवा, तुमचं पत्रक दुधाच्या आधी मागतात हो." आजवर मला गावात कुणी "बुवा" म्हटलेलं नाही. उगाच खोटं कशाला बोलू, मला आवडलं.

मास्तरांच्या चिठ्ठ्यांबद्दल विचारलंस. त्यांचं "सर्व ठीक" कधी एकटं येत नाही, मागे शेपूट असतं. "सर्व ठीक, नळ सव्वासहाला आला, धार बारीक, वरच्या बाईंचा दिवा लुकलुकतो." मला जागा पुरत नाही, शेपूट छाटता छाटता नाकी नऊ येतात. पण गेले दोन दिवस शेपूट नाही, नुसतं सर्व ठीक. माझी बांधलेली ओळ तशीच चालली. मास्तर शेवटी सुधारले म्हणायचे. सतरा ते वीस तारखेची पत्रकं सोबत आहेत, तूच बघ.

तेव्हा मास्तरांची काळजी नको.

तुझा,
कानामात्रा


२२ एप्रिल, सकाळी ११.४०
(दादाच्या मोबाइलवरून, कानामात्राच्या बटनांच्या फोनवर)

आई सांगतेय तसंच लिहितोय. पत्र आत्ताच मिळालं. १९ आणि २० ला मास्तरांची चिठ्ठी आली होती का? ओळ तीच, वेलांटी तीच, शेपूट नाही. तो माणूस गप्प बसणारा नाही. जी लाइन काहीच बोलत नाही ती ठीक नसते, तुटलेली असते. हातातलं टाक आणि सातव्या गल्लीत जा. डॉक्टरीणबाईंना घेऊन जा.


२३ एप्रिल, दुपारी चार वाजता.
घरी, तुझ्या खुर्चीत नाही, जमिनीवर बसून.

आत्या,

मास्तर जिवंत आहेत. हे आधी लिहितो म्हणजे पुढचं तू नीट वाचशील.

चिठ्ठी आली नव्हती. एकोणीस, वीस आणि एकवीस, तिन्ही दिवस. दूधवाल्याने तिन्ही दिवस सांगितलं होतं, "सात नंबरची पिशवी रिकामी." मला वाटलं, सांगण्यासारखं काही नसेल, म्हणजे ठीकच. बांधलेली ओळ समोर होती. मी ती चढवली. तुला लिहिताना पिशवी रिकामी होती हे मी लिहिलं नाही. मला ते महत्त्वाचं वाटलं नाही, असं लिहिणार होतो. खरं म्हणजे मनाच्या कोपऱ्यात वाटलं होतं, आणि म्हणूनच लिहिलं नाही.

तुझा निरोप आला तेव्हा बावीस तारखेचा मजकूर मशीनवर चढला होता. चौथ्यांदा तीच ओळ. मी पायडलवरचा पाय काढला आणि पळालो. डॉक्टरीणबाई वाटेत भेटल्या, त्यांच्याबरोबर दवाखान्याचे दोघे होते.

गल्ली सात म्हणजे मास्तरांचं सोडून अकरा घरं आणि पुढे भिंत. त्यातली पाच घरं कुलूपबंद. मास्तरांचं दुकान खाली, ते मागच्या खोलीत राहतात. दार आतून लावलेलं. समोरच्या माडीवर बँकेतून निवृत्त झालेल्या बाई राहतात, त्या खिडकीत आल्या. मी विचारलं, "मास्तरांना कधी बघितलंत?"

"तीन-चार दिवस हाक नाही मारली त्यांनी. दमले असतील. वय झालं आता."

"मग तुम्ही कुणाला सांगितलं नाही?"

"काय सांगायचं? ठीक आहेत ते. चिठ्ठी तेच लिहितात ना. रोज छापून येतंय." आणि त्यांनी मला माझंच पत्रक दाखवलं. घडी घालून, चष्म्याच्या डबीत ठेवलेलं.

आत्या, त्या बाईंचं काही चुकलं नाही. अकरापैकी सहा घरांत माणसं होती आणि सहाही घरं रोज संध्याकाळी वाचत होती की मास्तर ठीक आहेत. माझी ओळ नसती तर पहिल्याच दिवशी कुणीतरी दार वाजवलं असतं.

दाराची फळी काढली. मास्तर कापड कापायच्या टेबलाखाली होते, मास्कसाठी कापलेल्या तुकड्यांचा ढीग उशाला घेऊन. अंगात ताप, श्वास लागलेला. पाण्याची कळशी हाताशी होती म्हणून टिकले, असं डॉक्टरीणबाई म्हणाल्या. शिलाईमशीनच्या पायाखाली, सुईशेजारी, एक चिठ्ठी दाबलेली होती. एकोणीस तारखेची, अर्धवट. "गल्ली सात : सर्व ठीक, फक्त शिंप्याला थोडा ताप, नळ"

नळच्या पुढे काही नाही.

उचलताना त्यांनी डोळे उघडले. माझ्याकडे बघून म्हणाले, "आज उशीर झाला. जागा ठेवलीस ना?"

आता ते दवाखान्यात आहेत, नळीने हवा लावली आहे. आज सकाळी डॉक्टरीणबाई म्हणाल्या की आणखी दोन दिवस गेले असते तर कठीण होतं. ते दोन दिवस तुझे आहेत, आत्या.

आता पुढचं. काल आणि आज त्या ओळीची जागा कोरी सोडली. उद्याच्या पत्रकात काय छापायचं? मालक म्हणाले, "मास्तर दवाखान्यात, प्रकृती सुधारते आहे, एवढं पुरे. खोटं छापलं म्हणून स्वतःच सांगितलंस तर उद्यापासून नळाची वेळ वाचूनही लोक तोटी उघडून बघतील. पत्रक मेलं की अफवा परत आल्याच." ते मला वाचवायला म्हणत नव्हते, गावासाठी म्हणत होते. डॉक्टरीणबाईंना विचारलं तर म्हणाल्या, "जुळारी तुम्ही. मी आकडे देते, ओळी तुम्ही लावता."

मला भीती वाटते. "जुळारीबुवा" म्हणणारा दूधवाला उद्या काय म्हणेल याची वाटते, हेही लिहितो. तुझं उत्तर उद्यापर्यंत येणार नाही हे मला माहीत आहे, तरी विचारतो.

तुझा,
—


२५ एप्रिल

बाळा,

खाली नाव का नाही लिहिलंस? मी ते पेन्सिलने लिहून टाकलं आहे.

हे पोचेपर्यंत तू जे करायचं ते केलेलं असशील. तरी ऐक. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी दर तासाला प्रत्येक लाइन तपासून वहीत "चालू" लिहायचं असा नियम होता. मी सकाळी एकदम आठ तासांचं लिहून टाकायची. रोज चालूच असायच्या, मग उगाच कशाला? एका दुपारी दवाखान्याची लाइन तुटली, दोन तास. एका माणसाने बायकोला खाटेवर घालून चालत नेलं. ती वाचली. वहीत दोन्ही तासांपुढे माझ्या अक्षरात "चालू" होतं.

कुणाला कळलं नसतं. पण मी लाल शाईने खोडलं आणि शेजारी लिहिलं, "न तपासता लिहिले." खाली सही. साहेब ओरडले, पगार कापला. पण पुढची अठ्ठावीस वर्षं माझी वही कुणी उघडून बघितली नाही. बाई म्हणाल्या म्हणजे चालू, असं म्हणायचे. तुझी युक्ती मला का खुपली ते आता मलाही कळलं. तुला तेव्हाच सांगायला हवं होतं. लाज वाटली असेल, इतक्या वर्षांनीही.

दोन दिवस माझे नाहीत. तू पळालास ते तुझे.

जेवतोस ना? आणि खुर्चीत बस.

आत्या


२७ एप्रिल, सकाळी साडेनऊ.
चिठ्ठ्या मोजून झाल्यावर, दोनदा.

आत्या,

तुझं पत्र काल आलं. त्याआधीच, चोवीस तारखेला, मी छापून बसलो होतो. ही ती ओळ :

"गल्ली सात : १९, २०, २१ या तारखांना या गल्लीची चिठ्ठी आली नव्हती. तरी 'सर्व ठीक' छापले. चूक जुळाऱ्याची. टेलरमास्तर दवाखान्यात आहेत. यापुढे चिठ्ठी आली नाही तर 'चिठ्ठी आली नाही' असेच छापले जाईल."

मालकांनी प्रूफ वाचलं. चष्मा वर सरकवून पुन्हा वाचलं. मग म्हणाले, "जुळाऱ्याची कशाला? छापखान्याची लिही. मशीन माझं आहे." मी तसं बदललं नाही. त्यांनी सांगितलं याचं मात्र मला फार बरं वाटलं.

पंचवीस तारखेला सकाळी दूधवाला आला, पण हातात चिठ्ठ्या नव्हत्या. मी मान खाली घालून खिळे पुसत बसलो. तो म्हणाला, "अहो बुवा, बाहेर या. हातात मावत नाहीत." सायकलला दुधाची किटली लावतो तिथे पिशव्या लटकत होत्या. गल्लीची एकेक चिठ्ठी नव्हती, घरोघरची होती. दोनशे चौदा. बँकेतल्या बाईंनी लिहिलं होतं, "तुमच्यावर भरवसा नाही म्हणून नव्हे. सगळं ओझं एका मास्तरांवर आणि एका तुमच्यावर टाकलं होतं म्हणून." एका लहान मुलाने लिहिलं होतं, "आमच्याकडे खरंच ठीक." चौघांनी शिव्या घातल्या होत्या. त्याही जपून ठेवल्या आहेत, त्यांतल्या तिघांचं म्हणणं बरोबर आहे.

आता मी रोज सगळ्या ओळी मोडतो. खिळे खणांत सोडतो आणि सकाळी पुन्हा जुळवतो, ओळ अक्षराअक्षराने तीच असली तरी. चाळीस मिनिटं जातात. जाऊ देत.

काल पहिल्यांदा छापलं, "गल्ली चार : चिठ्ठी आली नाही." पत्रक साडेचारला वाटलं आणि पाच वाजता गल्लीच्या तोंडाशी अकरा माणसं, अंतर ठेवून, हाका मारत. चिठ्ठीवाला खिडकीत आला आणि ओशाळून म्हणाला, "पेन्सिल सापडत नव्हती हो." संध्याकाळपर्यंत त्याच्याकडे सतरा पेन्सिली जमल्या.

मास्तरांची हवेची नळी काल काढली.

तुझा,
कानामात्रा


२० मे, सकाळी सात वाजता.
छापखान्यात, मास्तरांची चिठ्ठी समोर ठेवून.

आत्या,

काल मास्तर घरी आले. काठी घेऊन, पण आपल्या पायांनी. गल्ली सातच्या सहाही खिडक्या उघड्या होत्या. ते प्रत्येक खिडकीखाली थांबले आणि नेहमीसारखी हाक मारली, आवाज बारीक होता एवढंच. शेवटी माझ्यापाशी आले. तुझ्या निरोपाचं त्यांना डॉक्टरीणबाईंनी सांगितलं होतं. मी काय बोलायचं ते चार दिवस पाठ केलं होतं. ते म्हणाले, "ते राहू दे. तुझ्या आत्याला लिही, गादीचे पैसे पोचले."

आज सकाळी पिशवीत त्यांची चिठ्ठी होती. जशीच्या तशी देतो :

"गल्ली सात : सर्व ठीक, शिंपी घरी आला, नळ सव्वासहाला, धार करंगळीएवढी, बँकेतल्या बाईंच्या माडीवर मांजर व्यालं, चार पिल्लं, एक काळं, दवाखान्यातल्या लोकांचे आणि ज्यांनी फळी काढली त्यांचे आभार, जागा पुरत नसेल तर जुळाऱ्याने मांजर कापावे, नळ ठेवावा."

मांजर कापलं नाही. काहीच कापलं नाही. नवव्या गल्लीतल्या बहिणीला सांगून निरोपाची जागा घेतली. ती म्हणाली, शिडीचं काय, उद्या छापा. "ठीक"मध्ये टवका उडालेलाच खिळा मुद्दाम शोधून लावला. तुला ओळखू येईल.

नवे रुग्ण सहा दिवसांत नाहीत. गाड्या एक तारखेपासून सुटतील असं डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, तेही छापलं आहे. तू ये. कुंड्यांतल्या दोन वाळल्या, ते आधी सांगून ठेवतो. आल्यावर तू मागशील म्हणून हिशेब :

कागद, चार रीम : १,१२०
शाई, दोन डबे : ५४०
रॉकेल : ९०
दोरा : १५ (२२ एप्रिलपासून लागलेला नाही)
तुला टपाल : ९०
एकूण खर्च : १,८५५

नगरपालिकेकडून : १,२००
मालकांकडून : ३००
एकूण जमा : १,५००

कागदवाल्याचे देणे : ३५५. महिनाअखेर पगारातून देईन. तो म्हणतो घाई नाही, पण मला आहे.

मास्तरांचे देणे : तीन ओळी (१९, २०, २१ एप्रिलच्या). आज त्यांना दोन जास्तीच्या दिल्या. एक बाकी आहे. ती मी मुद्दाम बाकी ठेवली आहे.

तुझा,
कानामात्रा